पाणी कमी, फुलं जास्त : अंगणात ‘ऑफिस टाइम’चा गालिचा कसा लावाल?

एप्रिल उजाडला की बेळगावच्या बऱ्याच गल्ल्यांत एकच विचारणा सुरू होते, “तुमच्याकडं पाणी कधी आलं?” राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांवर शहराची तहान भागते आणि उन्हाळ्यात नळाला पाणी येण्यातलं अंतर वाढत जातं. अशा वेळी घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालायचं की ते टाकीत राखून ठेवायचं, हा प्रश्न ज्यांच्या घरी पडतो त्यांच्यासाठी हा लेख.

यावर लोक सहसा दोन उपाय करतात. एक तर लॉन वाळू देतात. मग उन्हाळाभर धूळ आणि पावसात चिखल. नाही तर कंटाळून सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं झाकून टाकतात. चिखल जातो खरा, पण उन्हात फरशी तापते आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरायच्या ऐवजी रस्त्यावर वाहून जातं. ज्यांची बोअर मे महिन्यात कोरडी पडते त्यांना हे महागात पडतं.

तिसरा उपाय आपल्या आजी-मावशीच्या फुटक्या डब्यात वर्षानुवर्षं वाढत आलाय. तो म्हणजे ‘ऑफिस टाइम’.

हे झाड नेमकं कोणतं?

जमिनीलगत पसरणारं, सुईसारख्या गोल रसरशीत पानांचं, गुलाबी, पिवळ्या, केशरी, लाल, पांढऱ्या फुलांचं हे झाड तुम्ही नक्की पाहिलंय. ऊन वर आलं की फुलं उघडतात, दुपार कलली की मिटतात. कचेरीची वेळ पाळतात म्हणून नाव पडलं ऑफिस टाइम. कुणी चिनी गुलाब म्हणतं, नर्सरीत ‘टेबल रोझ’, ‘मॉस रोझ’ किंवा ‘पोर्तुलाका’ म्हणून मिळतं. नावात चीन असला तरी झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं, म्हणजे ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या भागातलं. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा.

याचीच एक बहीण आपल्या शेताच्या बांधावर न लावता उगवते. ती म्हणजे घोळ, जिची आंबटसर भाजी आपण खातो. दोघींचं कूळ एक, स्वभावही बराचसा एक. घोळीला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी ती वाढते. ऑफिस टाइम सांभाळायचं असेल तर ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी.

नर्सरीत याच्यासारखंच, पण चपट्या रुंद पानांचं झाडही मिळतं. ती पोर्तुलाकाचीच वेगळी जात. लावण्याची आणि सांभाळण्याची पद्धत दोन्हींची सारखीच.

पाणी कसं वाचवतं?

झाडाच्या पानांना बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. बहुतेक झाडं ही छिद्रं दिवसा उघडतात, त्यामुळं भर उन्हात त्यांचं पाणी उडून जातं. पोर्तुलाका कुळातली झाडं पाण्याची टंचाई जाणवली की वेगळी युक्ती करतात. रात्री गारव्यात छिद्रं उघडून लागणारा वायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा दारं लावून घेऊन त्या साठ्यावर काम चालवतात.

याचा पुरावा आपल्या जिभेलाही मिळतो. कोरड्या दिवसांत घोळ पहाटे खुडली तर जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी खुडली तर कमी. रात्रभरात साठलेलं आम्ल दिवसभरात वापरलं गेलेलं असतं. २०२२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ऊस-मक्यासारखी उन्हात झपाट्यानं वाढायची पद्धत आणि निवडुंगासारखी पाणी राखायची पद्धत, या दोन्ही घोळीच्या पानात एकाच पेशीत चालतात. म्हणून तर ही झाडं कडक उन्हात फुलतात आणि पाण्यावाचून तगतातही.

आता हिशेब पाहू

१० फूट बाय १० फूट जागा धरा. उन्हाळ्यात तिथलं लॉन हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे त्या जागेला रोज ४५ लिटरच्या आसपास. पंधरा लिटरच्या घागरीनं मोजलं तर रोज ३ घागरी, आठवड्याला २१.

तेवढ्याच जागेत ऑफिस टाइम एकदा रुजलं की आठवड्यातून एकदा ५-६ घागरी पुरतात. म्हणजे लॉनच्या पाण्याचा जवळपास चौथा हिस्सा. त्यातही भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं आणि मिठाचं तेवढं टाळा.

कापणी मशीन नको, दर पंधरा दिवसांनी माणूस बोलवायला नको. पण एक गोष्ट आधीच सांगतो : हे लॉन नव्हे. याच्यावरून चालता येत नाही. देठ रसाळ असतात, पाय पडला की मोडतात. ये-जा करायची तिथं मधे मधे शहाबादी फरशीचे तुकडे टाका आणि फटींत हे लावा. पोरांना क्रिकेट खेळायला जागा हवी असेल तर तिथं हरळीचं गवतच बरं.

जागा आणि माती

पहिली अट ऊन. दिवसाला किमान ६ तास थेट ऊन पडत असेल तरच लावा. आंब्याखाली, दोन इमारतींच्या फटीत, उत्तरेकडच्या भिंतीलगत लावलंत तर देठ लांबतील, पानं विरळ होतील आणि फूल येणार नाही. अर्धवट सावलीच्या जागी ‘टर्टल वाईन’ नावाची बारीक गोल पानांची वेल लावा. ती फुलांसाठी नाही, पण जमीन छान झाकते.

दुसरी अट निचरा. पाणी साचायला नको. बेळगाव शहर आणि खानापूर बाजूची तांबडी माती या झाडाला मानवते. दोन घमेली मातीला एक घमेलं जाड वाळू आणि एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत मिसळा, काम झालं. पूर्वेकडं अथणी, रायबाग, गोकाक भागातली काळी माती मात्र पाणी धरून ठेवते. तिथं सपाट जमिनीत लावू नका. विटा किंवा दगड लावून निदान अर्धा फूट उंच वाफा करा, तळाला विटांचे तुकडे किंवा खडी टाका आणि वाळूचं प्रमाण वाढवा.

लावण्याआधी एक कष्टाचं काम आहे आणि ते टाळता येत नाही : हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढणं. हरळीची एक कांडी राहिली तरी दोन महिन्यांत ती तुमच्या फुलांच्या डोक्यावर चढते. जागा एकदा भिजवून आठवडाभर सोडा, जे उगवेल ते उपटा आणि पुन्हा एकदा हेच करा. इथं घातलेले दोन आठवडे पुढं वर्षभराचं खुरपणं वाचवतात.

काड्या लावायची पद्धत

बियाणं मिळतं, पण बी अगदी बारीक असतं, मुंग्या उचलून नेतात आणि रंग आईसारखाच येईल याची खात्री नसते. काडीवर लावणं सोपं आणि खात्रीचं. शेजारी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. आपल्याकडं मराठी घरातली काडी कानडी घरात आणि तिथली इथं, असं हे झाड गल्लीभर फिरत असतं. विकत घ्यायची वेळ सहसा येत नाही.

१. सकाळी, फुलं उघडायच्या आधी, निरोगी फांदीचा ३ ते ४ इंचाचा शेंडा खुडा. खालची अर्धी पानं काढून टाका. कळ्या असतील तर त्याही खुडा.

२. काड्या सावलीत अर्धा दिवस पसरून ठेवा. तुटलेलं टोक सुकलं पाहिजे. ओलं टोक मातीत गेलं की कुजायला सुरुवात होते. घाईत लोक हीच पायरी गाळतात.

३. अर्ध्या-अर्ध्या फुटावर बोटानं भोक पाडून दीड इंच खोल काडी खोवा आणि माती दाबा. २ फूट बाय १० फुटांच्या पट्ट्याला साधारण ८० काड्या लागतात. एवढ्या नसतील तर २० लावा. दीड महिन्यात त्यांच्यापासूनच बाकीच्या मिळतील.

४. पहिले ७ ते १० दिवस माती किंचित ओलसर ठेवा. एवढ्यात मुळं फुटतात. काडी हलकेच ओढून पाहा, अडकली तर रुजली समजा.

५. महिन्याभरानं प्रत्येक रोपाचा शेंडा खुडा. एका फांदीच्या तीन-चार फांद्या होतात आणि जमीन लवकर झाकते. खुडलेले शेंडे मोकळ्या जागेत खोवा.

ऊन चांगलं असेल तर दीड-दोन महिन्यांत पट्टा भरून जातो.

मरतं ते कशानं?

पहिल्या वर्षी मी स्वतः हे झाड घालवलं. कडक उन्हाळा, इवलीशी रोपं, मग दया आली. रोज संध्याकाळी पाईप धरून उभा राहायचो. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. शेजारच्या काकू कंपौंडवरून बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, “एवढं पाणी कशाला घालायलास रे? कुजायलंय बघ ते.” उपटून पाहिलं तर बुडाला देठ काळा आणि लिबलिबीत झालेला.

या झाडाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत इथंच होते. तहानलेलं असलं की पानं आक्रसतात, बारीक सुरकुततात, पण देठ टणक राहतो. पाणी जास्त झालं की पानं पिवळी, पारदर्शक होतात आणि हात लावताच गळतात. पहिल्याला पाणी द्या. दुसऱ्याचं पाणी ताबडतोब बंद करा आणि वरचे चांगले शेंडे कापून नव्यानं लावा, कारण कुजलेलं बूड सुधारत नाही.

साधा नियम : बोट मातीत दोन इंच घाला, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीतल्या झाडाची माती लवकर सुकते, म्हणून भर एप्रिल-मेमध्ये त्याला आठवड्यातून दोन-तीनदा द्या.

खताचंही तसंच. लावताना घातलेलं शेणखत पुरे. युरिया घातलात तर पाला माजतो आणि फुलं कमी होतात. कीड फारशी येत नाही. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढी फांदी कापून टाका आणि बाकीवर साबणाचं अगदी पातळ पाणी फवारून तासाभरानं धुऊन घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर गोगलगाई येतात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात.

आपल्याकडची खरी अडचण : पाऊस

इंटरनेटवर या झाडाबद्दल जे लिहिलेलं असतं ते बहुतेक थंड देशांसाठी. तिथं ते हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या थंडीत मरतं. आपल्याकडं थंडीत ते थोडं मंदावतं, फुलं कमी येतात, एवढंच. आपल्याकडं ते जातं जुलै-ऑगस्टच्या झडीत. आठवडा-आठवडा ऊन नाही, माती सतत चिंब, मग आधी फुलं उघडणं थांबतं आणि नंतर झाड बसतं. मे महिन्यात बहरलेला गालिचा गणपतीपर्यंत चिखल होतो आणि लोक म्हणतात, “आमच्याकडं नाही टिकत ते.”

टिकत नाही हे खरं. पण टिकवायची गरजही नाही. पाऊस लागायच्या आधी त्याचं बियाणं, म्हणजे काड्या, घरात घ्यायच्या, एवढं केलं की पुरे.

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की, मृगाच्या आधी, प्रत्येक रंगाच्या १०-१५ काड्या खुडून पसरट कुंडीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या जुन्या टबात लावा. माती निम्मी वाळूची. हा टब पडवीत, गॅलरीत किंवा पारदर्शक पत्र्याखाली ठेवा. उजेड भरपूर, पावसाचा थेंब नाही. दहा-बारा दिवसांतून एकदा भांडंभर पाणी. ती रोडावतील, फुलणार नाहीत, पण जगतील. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस हटला की याच काड्यांपासून पुन्हा पट्टा भरायचा.

बाहेरचं झाड पावसात गेलं तर जाऊ द्या. बरेचदा त्याचं बी मातीत पडलेलं असतं. बोंडाला डबीसारखं झाकण असतं, ते सुटलं की करड्या चमकदार बारीक बिया सांडतात. ऑक्टोबरच्या उन्हात त्यातली काही रोपं आपसूक उगवतात. म्हणून पावसाळ्यानंतर जागा सरसकट खणू नका, आधी नीट बघून घ्या.

वर्षाचं वेळापत्रक

ऑक्टोबर-नोव्हेंबर : तण काढून काड्या लावणं.
डिसेंबर-जानेवारी : वाढ मंद. पाणी दहा दिवसांतून एकदा.
फेब्रुवारी : लांबलेल्या फांद्या निम्म्यावर कापणं. कापलेल्या काड्यांनी रिकाम्या जागा भरणं.
मार्च ते मे : बहराचा काळ. आठवड्याला एकदा पाणी.
मेअखेर : काड्या घरात घेणं.
जून ते सप्टेंबर : टबाकडं लक्ष, बाकी विश्रांती.

म्हणजे मेहनतीचे दिवस दोनच, एक दसऱ्यानंतरचा आणि एक मृगाआधीचा. ‘कमी देखभाल’ म्हणतात ती हीच. पण हे दोन दिवस चुकले की पुढच्या वर्षी पुन्हा शेजाऱ्याकडं काड्या मागायची वेळ येते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी

गोव्यात पाऊस आपल्याहून खूपच जास्त, त्यामुळं तिथं हे झाड जमिनीपेक्षा चिऱ्याच्या कठड्यावर, उथळ कुंड्यांत बरं. समुद्रालगत खारं वारं आणि खारी वाळू असेल तर ‘सेसुव्हियम’ ही किनाऱ्यावर आपोआप वाढणारी मांसल पानांची वेल लावा. हैदराबाद आणि बडोद्याचं ऊन याला उत्तम मानवतं. ग्वाल्हेर-इंदूरकडं मात्र अडचण उलटी. तिथं डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत काड्या आत घ्याव्यात आणि फेब्रुवारीअखेर लावाव्यात.

चार गोष्टी सांभाळा

एक, ‘काही करावं लागत नाही, आपोआप पसरतं’ असं सांगून पिवळ्या फुलांची वेडेलिया गळ्यात मारली जाते. ती खरंच आपोआप पसरते, पण थांबत नाही. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. ओढ्याकाठच्या, शेताजवळच्या घरांनी ती अजिबात लावू नये.

दोन, कुत्रा-मांजर पाळत असाल तर ऑफिस टाइम त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं बघा. त्यातल्या ऑक्झलेटमुळं त्यांना त्रास होऊ शकतो.

तीन, तीव्र उतारावर माती धरून ठेवायला हे झाड पुरणार नाही. मुळं उथळ असतात. तिथं वाळा लावा आणि मधल्या सपाट जागेत हे.

चार, पट्ट्यात घोळ उगवली तर तण म्हणून फेकू नका. घोळीच्या पाल्यात ओमेगा-३ हा चांगला स्निग्धांश इतर पालेभाज्यांच्या मानानं भरपूर असतो. फक्त ओळखून घ्या. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं तण आहे, ते खाऊ नये. घोळीतही ऑक्झलेट असतं, त्यामुळं मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून खावी. नर्सरीतून आणलेलं शोभेचं झाड मात्र भाजीत घालू नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

कुठून सुरुवात करायची?

सगळं अंगण एकदम उकरू नका. फाटकाजवळचा किंवा कंपौंडलगतचा दोन फुटांचा पट्टा निवडा, जिथं आत्ता नुसती धूळ आहे. एक वर्ष तो सांभाळून बघा. सकाळी दहाच्या सुमाराला उघडलेल्या फुलांवर मधमाश्या येतील. पोरांना जवळ बोलवा आणि फुलातल्या पिवळ्या केसरांना काडीनं हळूच स्पर्श करायला सांगा. केसर हलताना दिसतात. माशी आली की तिच्या अंगाला पराग लागावा म्हणून झाडानं केलेली ही सोय.

पट्टा जमला तर पुढच्या दसऱ्याला आणखी चार फूट वाढवा. आणि जास्तीच्या काड्या कंपौंडवरून शेजारी द्या. आपला टब एखाद्या पावसाळ्यात गेला तरी शेजाऱ्याचा राहिलेला असतो. माझं झाड दुसऱ्यांदा आलं ते काकूंच्या डब्यातूनच.